कोलंबोचा रेनकोट, राधिकाचा मसाला आणि आमचा लाकडी नंदी

"पात्र कागदावर जन्मतं. नट फक्त ते बोलतो आणि सेटवरच्या वस्तू मागे उभ्या राहतात."

हे वाक्य माझ्या भाच्याचं आहे. हल्ली तो मुंबईत मालिकांसाठी संवाद लिहितो आणि गेल्या लग्नसराईत मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून त्याने हे वाक्य मला ऐकवलं. (ताई, रागावू नकोस. घरातलं भांडण इथे मांडते आहे, पण त्याने मांडवात चार लोकांसमोर मांडलं होतं, तेव्हा फिट्टंफाट.) तिथे वरपक्षाचे लोक होते म्हणून मी गप्प बसले. पण मला गप्प बसणं फारसं मानवत नाही हे इथे येणाऱ्या सगळ्यांना माहीत आहेच. तर चिरंजीव, हे घे उत्तर. जरा लांब आहे, चहा घेऊन बस.

आधी परदेशातला पुरावा देते, कारण घरच्या माणसाचं घरी कोणी ऐकत नाही. 'कोलंबो' नावाची अमेरिकन मालिका तू पाहिलीच असशील, तुझ्याच आग्रहाने मीही पाहिली. पीटर फॉकने रंगवलेला तो गबाळा डिटेक्टिव्ह. त्याचा तो चुरगळलेला रेनकोट आठव. तो कुठल्या वेशभूषाकाराने शोधलेला नाही, कुठल्या पटकथेतून आलेला नाही. फॉक एकदा न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडला तेव्हा त्याने तो स्वतःसाठी विकत घेतला होता. पुढे १९६८ साली कोलंबोची भूमिका करायची वेळ आली तेव्हा तोच घरातला कोट त्याने अंगावर चढवला. आता गंमत बघ. मालिका घडते लॉस एंजेलिसमध्ये, जिथे पाऊस म्हणजे पाहुणा. सगळे खुनी बंगलेवाले, पोहण्याच्या तलावाच्या कडेला उभे असलेले, कडक इस्त्रीचे. आणि त्यांच्यासमोर हा लख्ख उन्हात रेनकोट घालून उभा! कोणाला वाटेल की या माणसापासून आपल्याला धोका आहे? खुनी गाफील राहतो तो त्या कोटामुळे. म्हणजे गोष्टीचं अख्खं यंत्रच त्या कोटावर चालतं. त्याची ती खटारा प्यूजो ४०३ गाडीसुद्धा फॉकनेच स्टुडिओच्या आवारात पडलेल्या गाड्यांमधून निवडली. आणि कुत्रा द्यायचं ठरलं तेव्हा हाच माणूस आधी नको म्हणाला! कोट आहे, गाडी आहे, आता आणखी कशाला? मग तो झोपाळू, ढिम्म कुत्रा समोर आणला तेव्हा कुठे हो म्हणाला. याला म्हणतात पात्राची जाण. काय घ्यायचं तेवढं कळून भागत नाही, काय नाकारायचं तेही कळायला लागतं.

तुझ्या बाजूचंही एक सांगते, नाहीतर म्हणशील मावशी एकतर्फी बोलते. दारापर्यंत जाऊन परत वळून "आणखी एकच विचारायचं होतं" म्हणण्याची कोलंबोची जी सवय, ती लेखकांची. लेव्हिन्सन आणि लिंक या जोडीची. तीसुद्धा कशी सुचली? एक प्रवेश लिहून झाल्यावर आखूड पडला, डिटेक्टिव्ह तर बाहेर पडून गेला होता, आणि टाइपरायटरवर सगळं पुन्हा बडवायचा कंटाळा. म्हणून त्याला दारातून परत बोलावला. झालं! जगप्रसिद्ध लकब तयार. लेखकाच्या आळसातून. तेव्हा कागदाचा मान मी नाकारत नाही. कागदाच्या मक्तेदारीला माझा विरोध आहे.

आता इकडे या. १९८५ सालचा दूरदर्शनवरचा 'करमचंद'. पंकज कपूरचं ते गाजर आठवत नाही असा माझ्या वयाचा एक माणूस दाखवा. त्या मालिकेतलं एकही रहस्य मला आज धड सांगता येणार नाही. कोण मेलं, कोणी मारलं, सगळं पुसलं गेलं. गाजर तेवढं राहिलं, काळा चष्मा राहिला, आणि किटीला गप्प करणं राहिलं. आमच्या वाड्यात तेव्हा हिवाळ्यात गाजराचा हलवा करायला आणलेली गाजरं पोरं पळवायची आणि शेजाऱ्यांवर संशय घेत फिरायची. एका भाजीने एक माणूस उभा केला. तुझ्या कागदावर ती भाजी एका शब्दाची असेल, पण ती चावायची कशी, कुठल्या क्षणी चावणं थांबवायचं, ते कागदावर कुठे लिहिलेलं असतं?

मराठीतलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ ते २००४ या काळात अल्फा मराठीवर लागायची. दिलीप प्रभावळकरांचीच 'अनुदिनी' तिच्या मुळाशी होती आणि आबाही तेच. म्हणजे तुझ्या भाषेत कागद आणि नट एकच. तरी मी म्हणते की आबा कागदावर पूर्ण झाले नव्हते. प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, आणि आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते आपल्या वयाचे वाटायचे. माझे सासरे चक्क म्हणायचे, "हा माणूस माझ्यासारखाच उठतो." उठणं! संवाद नाही, विनोद नाही, उठणं. खुर्चीचा हात धरणं, मग एक क्षण थांबणं, मग उठणं. आणि ती डायरी. दिवस संपताना आबा डायरी लिहायला बसले की घरातला सगळा गोंधळ त्या पानावर निवायचा. डायरी काढून टाका आणि आबांच्या हातात रिमोट द्या. सगळे संवाद तेच ठेवा. राहतात का आबा? नुसतेच एक कुरकुरणारे आजोबा उरतात.

बरं, हे पटत नसेल तर दुसरा पुरावा देते आणि हा बिनतोड आहे. नट बदलून बघ. 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली शनाया आधी रसिका सुनीलची. मग २०१८ मध्ये ती अभ्यासासाठी अमेरिकेला गेली आणि ईशा केसकर आली, आणि पुढे पुन्हा रसिका. लेखनाची खोली तीच, चॅनल तेच, 'गॅरी' म्हणून हाक मारणं तेच, कपड्यांचा भपकाही तोच. पण शनाया तीच होती का? ईशा गुणी मुलगी आहे, 'जय मल्हार' मधली बानू तिने छानच केली होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रसिकाच्या शनायाला एक निर्लज्ज बालिशपणा होता, राग येता येता हसू यायचं. ईशाची शनाया वेगळी, जरा जास्त हुशार. आमच्याकडे आठ दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता. तेच 'रात्रीस खेळ चाले' मध्ये. शेवंता म्हणजे अपूर्वा नेमळेकर हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की २०२१ मध्ये कृतिका तुळसकर आली तेव्हा तिच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून तुलनाच आली. बिचारीचा काय दोष! पात्र जर कागदावरच असतं, तर ते एका अंगातून दुसऱ्या अंगात सरळ चालत गेलं असतं ना? जात नाही. अर्धं मागे राहतं.

नागपूरकर असून नाटकाचं नाव घेतलं नाही तर पितर रागावतील, म्हणून हेही सांगून टाकते. 'कट्यार काळजात घुसली' लिहिलं आमच्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, रंगभूमीवर आलं १९६७ साली. त्यातली कट्यार ही मराठी रंगभूमीवरची बहुधा सगळ्यात प्रसिद्ध प्रॉपर्टी. नाटकाच्या नावातच बसलेली. पण ती कट्यार धारदार झाली कशामुळे? समोर वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे होते म्हणून. मूर्तिजापूरला जन्मलेला, आमच्या नागपुरात वाढलेला हा माणूस. त्याच्या गळ्यातली ती बेफिकीर, अंगावर येणारी गायकी दारव्हेकरांना कागदावर कशी उतरवता आली असती? त्यांनी शहाणपणा केला, जागा मोकळी सोडली. मोठा लेखक जागा सोडतो, चिरंजीव. हे लिहून ठेव.

असो. आता मूळ दुखण्याकडे येते.

मी नटाच्या आणि वस्तूंच्या बाजूने एवढं भांडते आहे, पण ज्या गावात मी राहते त्याच्या वाट्याला टीव्हीवर काय आलं आहे ते बघा. नागपूरचं पात्र आलं रे आलं की आर्टवाले आणि लिहिणारे एक तयार थैली उघडतात. त्यात काय असतं? एक टोपली संत्री. एक सावजीचा उल्लेख. तर्री पोहे. दर दोन वाक्यांमागे एक 'बे'. आणि 'करून राहिलो, जाऊन राहिलो'. झालं नागपूर! पात्राला आई-बाप नसले तरी चालतील, संत्री पाहिजेत.

फॉकचा रेनकोट आणि ही संत्री, दोन्ही वस्तूच. मग फरक काय? रेनकोट त्या माणसाने वापरलेला होता. त्याच्या घड्या त्याच्या अंगाच्या होत्या. आमची संत्री बाजारातून सकाळी आणून ठेवलेली असतात, शॉट संपला की स्पॉट दादा खाऊन टाकतात. (खावीत, चांगली असतात.) पहिलीला स्पर्श म्हणायचं, दुसरीला लेबल. सगळं भांडण या दोघांतल्या फरकाचं आहे आणि टीव्हीवाल्यांना तो कळत नाही असं मला वाटत नाही. त्यांना वेळ नाही. रोजचा एपिसोड द्यायचा असतो. रोजच्या घाईत लेबल चिकटवणं सोपं पडतं.

भाषेचंच घ्या. 'करून राहिलो' हा विनोद नाही हो, ते व्याकरण आहे. पुण्यात 'करतोय' म्हणतात, आम्ही 'करून राहिलो' म्हणतो, म्हणजे काम आत्ता चालू आहे. हिंदीतल्या 'कर रहा हूँ' सारखंच. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, १९५६ पर्यंत आमची कचेरी, कोर्ट, बाजार सगळं हिंदीला खेटून होतं, तेव्हा भाषेला तिची सोबत लागली यात नवल ते काय. पण त्याला नियम आहे. "मी रोज सकाळी पाचला उठून राहते" असं नागपुरातलं शेंबडं पोरही बोलणार नाही. रोजचं काम ते, तिथे ते चालतच नाही. टीव्हीवरच्या स्किटमध्ये मात्र कुठेही ठोकतात. तसंच 'बे'. बरोबरीच्याला, धाकट्याला, दोस्ताला 'बे'. वडीलधाऱ्यांना 'बे' म्हटलं तर आमच्याकडे कानाखाली वाजते. आणि मले-तुले हे वऱ्हाडात, खेड्यापाड्यांत. नागपूरच्या महालातली, धरमपेठेतली पुष्कळ घरं 'मला-तुला' म्हणतात आणि त्याच्याच पुढे 'करून राहिले' लावतात. वर्धा ओलांडून पश्चिमेला गेलात की बोली निराळी, वैनगंगेकडे झाडीपट्टीत गेलात की आणखी निराळी. टीव्हीला हे सगळं एकच. एकाच पात्राच्या तोंडी अकोला, नागपूर आणि गडचिरोली एकाच वाक्यात. कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडी कोणी मालवणी घालेल का?

आता राधिकाबद्दल. इथे मला न्यायाने बोललं पाहिजे, कारण माझ्या दोन्ही जावा हे वाचणार आहेत आणि त्या राधिकाच्या कट्टर भक्त. :) २०१६ ते २०२१, साडेचार वर्षांहून जास्त काळ नागपूरची एक बाई महाराष्ट्राच्या घराघरांत रोज रात्री बसत होती. हे लहान काम नाही. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. म्हणजे नागपुरी त्यांना कमवावी लागली. आणि त्यांनी ती नुसती शब्दांत नाही कमावली. रागावलेली असतानाही सुराला जो एक आपुलकीचा हेल येतो, समोरच्याला झापताना मध्येच जेवलास का विचारायचं, हे आमच्याकडच्या बायकांचं आहे. तिथे मला वाटायचं की या बाईने कुणाला तरी नीट ऐकलं आहे. हा झाला स्पर्श. तो त्या मालिकेतल्या कितीतरी लंगड्या प्रसंगांना तारून न्यायचा.

आणि मसाला. राधिकाच्या हातचा मसाला ही त्या मालिकेतली खरी कट्यार. स्वयंपाकघरातल्या एका डब्यातून बाई स्वतःच्या पायावर उभी राहते, नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं थांबवते. पुढे त्या 'राधिका मसाले'ची शेकडो कोटींची कंपनी झाली तेव्हा लोकांनी विनोद करून करून बेजार केलं, आणि बरोबरच केलं. पण माझी तक्रार कोटींची नाही. त्या मसाल्यात होतं काय, हे माझ्या मनात तरी मालिकेने कधी ठसवलं नाही! आमच्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ती मिरची कधी देठ खुडताना दिसावी, तिच्या खाटाने घरभर ठसका लागावा, शेजारणीने खिडकी लावून घ्यावी. मुंबईच्या सोसायटीत नागपूरच्या सुनेने मिरच्या भाजल्या तर काय होईल? तो एक एपिसोड फुकट मिळाला असता. तिने भाजीवाल्याला सवयीने 'सांबार' मागावा आणि त्याला वाटावं बाई इडलीचं बोलते आहे, कारण आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. शेंगदाण्याला फल्लीदाणे. आलू, बटाटा नाही. डब्यावरच्या लेबलवर मसाला लिहून चालत नाही, डबा उघडावा लागतो.

याच वर्षांत बाकीच्यांनी काय केलं बघा. 'तुझ्यात जीव रंगला' ने कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात जाऊन ठाण मांडलं. वाडा खरा, माती खरी. राणादाचं 'चालतंय की' तिथून उठलं आणि रिक्षांच्या पाठीवर जाऊन बसलं. 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळ आकेरीला. पांडूचं 'इसारलंय' लिहिणारा आणि बोलणारा माणूस एकच, प्रल्हाद कुडतरकर, आणि तो त्या मातीतला. तिथल्या घराची पडवी, अंधार, झाडं, हीच खरी पात्रं होती. सेट लावावा लागला नाही, सेटने पात्रं लावली. विदर्भात येऊन कोणी असं ठाण का मांडत नाही? अंतर आहे, खर्च आहे, ऊन आहे, सगळं मान्य. पण मग निदान ऊन तरी दाखवा! नागपूरच्या उन्हाळ्यातलं घर म्हणजे दुपारी एक वाजता बंद केलेली दारं, खिडकीत धडधडणारा कूलर, त्यात पाणी कोणी भरायचं यावरून भांडण, आणि वाळ्याचा ओला वास. चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत माणूस कसा बोलतो माहीत आहे? कमी बोलतो. आणि कूलरच्या आवाजावरून बोलायचं म्हणून मोठ्याने बोलतो. आमचा आवाज मोठा, आमचं बोलणं ठसकेबाज, असं जे बाकीचा महाराष्ट्र म्हणतो ना, त्यात निम्मा वाटा कूलरचा आहे असं माझं ठाम मत आहे. (याला शास्त्रीय आधार मागू नये.) एका नटाला कूलरशेजारी बसवून संवाद म्हणायला लावा, पात्र आपोआप नागपूरचं होईल. 'बे' ची गरज पडणार नाही.

हे जमतं, आणि जमलेलं आहे, हे भारत गणेशपुऱ्यांनी दाखवलं. अमरावतीकडचा माणूस. २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या' मध्ये त्यांनी जी वऱ्हाडी आणली ती विकत आणलेली नव्हती. त्यांच्याकडे नुसता शब्द नाही, शब्दाच्या आधीचं थांबणं आहे. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बोलायचं, घाई करायची नाही, समोरचा हसला तरी आपण हसायचं नाही. हे वऱ्हाडातल्या पारावरचं बोलणं. कोणत्या लेखकाने कंसात लिहिलं असेल 'इथे पारावरच्यासारखं थांबा'? त्याच कार्यक्रमातला सागर कारंडेंचा पोस्टमन घ्या. पत्रं लिहायचे अरविंद जगताप, आणि काय लिहायचे! हसून हसून दमलेल्या लोकांचे डोळे पुसायला लावायचे. तिथे मी कागदाला मनापासून नमस्कार करते. पण तीच पत्रं सुटाबुटातल्या माणसाने माइकसमोर उभं राहून वाचली असती तर व्याख्यान झालं असतं. खाकी कपडे, हातातला कागद, वाचणाऱ्याचा भरून येणारा आवाज. ते सगळं मिळून पोस्टमन.

वस्तूंचा उलटा प्रवासही होतो, तोही सांगायला हवा. 'होणार सून मी ह्या घरची' मधलं जान्हवीचं मंगळसूत्र सीताबर्डीच्या फूटपाथवर 'जान्हवी मंगळसूत्र' म्हणून मिळायचं. मीही एक घेतलं होतं, खोटं कशाला बोलू. पण जान्हवी कशी होती हे त्या मंगळसूत्रावरून कोणाला कळलं? ते दागिना म्हणून छान होतं, पात्राचं म्हणून त्यात काहीच नव्हतं. कोणाच्याही गळ्यात शोभलं असतं, म्हणूनच तर एवढं खपलं. रेनकोट मात्र दुसऱ्या कोणी घातला की नुसता गबाळा दिसतो. खपणारी वस्तू आणि पात्राची वस्तू यात चॅनलवाल्यांनी गल्लत केली की मग सगळ्या सासवा एकाच दुकानातून निघाल्यासारख्या दिसतात. आणि आपण म्हणतो, कथा सगळ्या सारख्याच झाल्या आहेत. कथा पूर्वीही सारख्याच होत्या, सासवा तरी वेगळ्या होत्या.

तू म्हणशील, मावशी, एवढं काय त्यात, करमणूक आहे. तर ऐक. आपल्याच घरातली एक मुलगी, नाव घेत नाही, तिला कळेल, पुण्याला शिकायला गेली. पहिल्या आठवड्यात होस्टेलवर म्हणाली, "मी अभ्यास करून राहिले." खोलीतल्या मुली हसल्या. वाईट मनाने नाही. त्यांना ते टीव्हीवरचं वाटलं. पुन्हा बोल ना, म्हणाल्या. रोज एकदा बोलून दाखवायला लावायच्या, पाहुणे आले की तर नक्कीच. दिवाळीला घरी आली तेव्हा ही पोरगी आजीशीसुद्धा 'करतेय' बोलायला लागली होती. आजी म्हणाली, "काहून गं, अशी परक्यासारखी काहून बोलून राहिली?" तिने उत्तर दिलं नाही. तिची भाषा त्या खोलीत प्रॉपर्टी झाली होती, टोपलीतल्या संत्र्यांसारखी. ती कोण लिहितं, चिरंजीव? तुम्ही लिहिता. आणि तुम्ही म्हणता वस्तू फक्त मागे उभ्या राहतात.

आता तुझ्यासाठी कामाचं. पुढच्या वेळी नागपूरचं पात्र लिहायला मिळालं तर संत्री घरी ठेव. शोकेसमध्ये एक लाकडी नंदी ठेव. चाकांचा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी ओढत नेतात आणि बोजारा मागतात. नागपूरच्या कितीतरी घरांत असा नंदी वर्षभर कपाटावर धूळ खात बसलेला असतो. त्याच्या शिंगांवर गेल्या वर्षीची झिरमिळी तशीच असते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो नंदी दिसला की प्रत्येक वैदर्भीय माणूस टीव्हीसमोर सरळ बसेल, आणि बाकीचे विचारतील हे काय आहे. पात्राला एक शब्द बोलायची गरज नाही. आणि नटीला सांग की तो नंदी रोज पुसायचा नाही. रुसली की पुसायचा. बघ मग ती स्वतःच काहीतरी करते की नाही.

तुमच्या आर्टवाल्यांना असा नंदी दादरला मिळायचा नाही. आमचा घेऊन जा. मागच्या उजव्या चाकाची खिळी निघाली आहे, त्यामुळे तो जरा लंगडतो, पण ते दुरुस्त करू नका म्हणावं. आणि काही झालं तरी पोळ्याच्या आत परत पाठव, नातवाला लागतो.